आठवडेबाई आणि लाथेचं बटण

वर्तमानपत्राच्या कचेरीत आठवडेबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारा आता फक्त पगाराचा विभाग उरला होता. शिपायापासून संपादकांपर्यंत बाकी सगळे त्यांना आठवडेबाईच म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. ‘वापरून पाहिलं’ हे त्यांचं सदर सव्वीस वर्षं दर सोमवारी छापून येत होतं, आणि त्यात आलेली प्रत्येक वस्तू, मग ती किसणी असो, इस्त्री असो की पाठ खाजवायची काठी, बाईंनी घरी नेऊन बरोबर सात दिवस वापरलेली असे. सहा नाही आणि आठही नाही. एकदा एका कुकरने तिसऱ्याच दिवशी मान टाकली, तरी उरलेले चार दिवस बाई तो रोज सकाळी दहा वाजता शेगडीवर चढवत होत्या आणि वहीत ‘आजही बंद’ असं लिहीत होत्या.

सातव्या दिवशी त्या नऊ ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहीत. वस्तू सांगितलेलं काम करते का, पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला समजते का, पुसायला सोपी आहे का, आवाज किती करते, असे ते साधे प्रश्न. नववा मात्र त्यांचा खास होता: ही वस्तू शेजारणीला उसनी द्यावीशी वाटते का? एका मिक्सरबद्दल त्यांनी ‘द्यावीशी वाटते, आणि परत आली नाही तरी चालेल’ असं लिहिलं होतं. त्या कंपनीचा माणूस खुलासा मागायला आला. बाईंनी त्याला वही दाखवली, त्याने ती दोन पानं वाचली आणि तो चहा न घेताच गेला.

या सव्वीस वर्षांत त्यांच्या सदराखाली चूकदुरुस्तीची चौकट एकदाही आली नव्हती. बाई या गोष्टीची बढाई मारत नसत. फक्त कुणी विचारलं नाही तरी सांगत.

कुऱ्हाड आली ती नव्या संपादकांकडून. हे गृहस्थ चार वर्षं खुर्चीत होते, तरी कचेरी त्यांना नवेच म्हणायची. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची तत्त्वं आलेल्या पत्रांच्या संख्येप्रमाणे बदलत. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, आणि म्हणाले की महिनाअखेरीपासून त्या कोपऱ्यात शब्दकोडं टाकायचा विचार आहे. किसण्यांबद्दल आताशा कोणी पत्र लिहीत नाही. बाईंची निवृत्ती तीन वर्षांपूर्वीच झाली होती. कचेरीत त्यांचं टेबल टिकलं होतं ते या सदराच्या जोरावर, आणि ज्यात सोमवार नाही असा आठवडा बाईंच्या डोळ्यांसमोर येतच नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, घातला, आणि परत काढून पुसला.

त्याच दुपारी त्यांच्या टेबलावर एक खोकं आलं. संगणकखेळांवर लिहिणारा तरुण पंधरवड्यापूर्वी दुसरीकडे गेला होता, आणि ज्या पार्सलाला कोणी वाली नाही ते आठवडेबाईंच्या टेबलावर ठेवायचं, असा कचेरीचा जुनाच रिवाज होता. आत एक खेळ होता, आणि तो खेळायचं यंत्रही महिन्याभराच्या बोलीवर पाठवलं होतं. खेळाचं नाव रस्ता आणि रक्त यांच्या बेरजेतून तयार झालेलं होतं. झाकणावर दोन मोटरसायकलस्वार भरधाव वेगात एकमेकांना सायकलच्या चेनने मारत होते, आणि तिसरा हवेत होता, गाडीशिवाय.

बाईंचा दुसरा नियम असा की टेबलावर आलेली वस्तू वापरल्याशिवाय परत पाठवायची नाही. संपादकांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, “लिहा. यावर पन्नास पत्रं आली तर सदर चालू ठेवतो. शब्द देतो.”

बाईंनी खोकं काखेत मारलं आणि घरी नेलं.

आता घरी कोण होतं ते सांगायला हवं. बाईंचे यजमान वाहन परवान्याच्या कचेरीत एकतीस वर्षं दुचाकीची परीक्षा घेत होते. शहरात त्यांना नापाससाहेब म्हणत. आठाचा आकडा काढताना पाय टेकला, नापास. वळताना हात दाखवला नाही, नापास. हात दाखवला पण चेहऱ्यावर पुरेसं गांभीर्य नाही, तरी नापास. बाईंच्या सख्ख्या भावाला त्यांनी दोनदा नापास केलं, आणि तिसऱ्यांदा पास केलं तेव्हा कागदावर ‘काठावर’ असा शेरा मारला. त्यावरून बाई घरात नऊ दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. वहीत तशी नोंद आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी खेळाबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग इतरांची मतं. निघून गेलेल्या तरुणाने जाताजाता छापील कागदांचा एक गठ्ठा ठेवला होता, तो त्यांनी पेन्सिलीने खुणा करत संपवला. समीक्षक एकजात नाराज होते. एकाने लिहिलं होतं की रस्ते ओल्या पुठ्ठ्याचे वाटतात. दुसऱ्याने याला वीस वर्षांपूर्वीच्या एका चांगल्या खेळाचं भूत म्हटलं होतं. तिसऱ्याने दहापैकी दोन गुण दिले होते, आणि तेही गाडीच्या आवाजासाठी. खेळाडूंचं म्हणणं बरोबर उलट, दहापैकी दहा. समीक्षकांना अंगठेच नसतात. मजा येते ना, मग झालं. चेन फिरवून पुढच्याला लोळवण्यात जे सुख आहे ते या लोकांना काय कळणार? एक जण तर म्हणत होता की दिवसभर वरिष्ठांचं ऐकून घेतल्यावर घरी येऊन हा खेळ खेळला की त्याचं जेवण पचतं.

बाईंनी वहीत लिहिलं: ‘दोन गुण देणाऱ्याने पहिली शर्यत पुरी केलेली दिसत नाही. दहा देणाऱ्यांनी दुसरी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी यंत्र दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलं आणि ते हातातलं बटणांचं खेळणं यजमानांच्या हाती दिलं. प्रश्न दुसरा, पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला समजतं का, यासाठी घरातला नवखा माणूस नेहमी तेच असत. पडद्यावर तीन पातळ्या आल्या: नवशिका, रांगडा, कसाई. पहिल्यांदा खेळणाऱ्याने नवशिका घ्यावी असं पुस्तिकेचं बारावं पान सांगत होतं, म्हणून बाईंनी नवशिका घेतली आणि तसं वहीत टिपलं.

शर्यत सुरू झाली. नऊ गाड्या उधळल्यासारख्या सुटल्या. दहावी, म्हणजे नापाससाहेबांची, जागेवरच होती.

“अहो, निघा ना.”

“आरसे कुठे आहेत यात?”

आरसे नव्हते. मग साहेब इंडिकेटरचं बटण शोधू लागले. एका बटणाने गाडी पळे, एकाने थांबे, एकाने स्वार उजवीकडे लाथ मारी, एकाने डावीकडे, आणि एकाने चेन फिरवी. सगळी बटणं दाबून झाली तेव्हा साहेबांनी खेळणं मांडीवर ठेवलं आणि ज्या आवाजात ते पूर्वी लोकांना नापास करायचे त्या आवाजात विचारलं, हे ज्याने बनवलं त्याच्याकडे परवाना आहे का?

पण एकदा निघाल्यावर ते नीट निघाले. चाळीसच्या वेगाने, रस्त्याच्या आपल्या बाजूने. पहिल्या चौकात सिग्नल होता. खेळ बनवणाऱ्यांनी तो शोभेसाठी लावला असणार, पण तो खरोखर लाल होत होता आणि हिरवा होत होता. साहेब लाल दिव्याला थांबले. जगात हा खेळ हजारोंनी खेळला असेल, पण त्या दिव्याला थांबणारा पहिला माणूस बहुधा बाईंच्या सोफ्यावर बसला होता.

आणि मग गंमत झाली. पुढे गेलेले नऊ जण, जवळ मारायला आणखी कोणी नाही म्हणून, एकमेकांनाच झोडपायला लागले. दिवा हिरवा झाल्यावर साहेब पुढे गेले तर रस्त्यात एकेक जण आडवा. साहेब प्रत्येकाला वळसा घालून, त्याच्यापासून योग्य अंतर राखून, शांतपणे पुढे. सीमारेषेशी ते तिसरे आले. पुढच्या दिवशी पहिले. सात दिवसांत चौदा शर्यती झाल्या, त्यांतल्या अकरा साहेबांनी जिंकल्या, आणि एकाही माणसाला हात लावला नाही. शेजारीण साखर मागायला आली होती, ती साखर विसरून दोन शर्यती बघून गेली.

सोमवारी सदर आलं. बाईंनी लिहिलं होतं की या खेळात लाथ मारायला दोन बटणं आहेत, इंडिकेटरला एकही नाही. बटणांचं खेळणं ओल्या फडक्याने पुसता येतं. आवाज रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी, कारण टीव्हीचा आवाज आपल्या हातात असतो. शेजारणीला उसना द्यायची गरज नाही, ती इथेच येऊन बसते. आणि शेवटचं वाक्य असं होतं: ‘समीक्षक म्हणतात या खेळात मारामारीखेरीज काही नाही आणि खेळाडू म्हणतात मारामारीखेरीज काही लागत नाही. आमच्या घरच्या अनुभवानुसार वाहतुकीचे नियम पाळणारा माणूस हा खेळ सहज जिंकतो.’

बुधवारपर्यंत एकशे बारा पत्रं आली. त्यांतली एकशे नऊ शिव्यांची होती.

संपादकांना शिव्यांचं काही नव्हतं, संख्या चांगली होती. पण त्यांतलं एक पत्र आव्हान होतं. शहरात बाजारपेठेच्या मागे एक खेळघर होतं, तिथे तासावर यंत्र भाड्याने मिळे. त्याच्या मालकाला सगळे चेनदादा म्हणत, कारण या खेळात चेन फिरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने लिहिलं होतं की नियम पाळून हा खेळ जिंकता येत असेल तर बाईंनी आपल्या घरच्या अनुभवाला घेऊन शनिवारी दुपारी चारला खेळघरात यावं. जिंकले तर मी खेळघराचा बोर्ड उतरवीन. हरले तर पेपरात छापा की आठवडेबाई थापा मारतात.

संपादक खूश होते. फोटो काढणाऱ्याला घेऊन ते स्वतः येणार होते. जाताजाता त्यांनी बाईंना दारात गाठलं आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं की जिंकलात तर पुढची पाच वर्षं सदराकडे कोणी बघायचं नाही. मात्र उलटं झालं तर ज्या सदराचा शब्द खोटा ठरला ते सदर कशाला चालवायचं, नाही का?

शनिवारी खेळघरात उभं राहायला जागा नव्हती. नापाससाहेब दारातून आत आले आणि एकदम कुजबुज उठली. बाईंच्या लक्षात आलं ते तेव्हा. जमलेल्या माणसांपैकी निम्म्यांना तरी त्यांच्या यजमानांनी कधी ना कधी नापास केलं होतं. चेनदादाला स्वतःला तीनदा. त्याने खुर्ची पुसून पुढे केली आणि फार गोड आवाजात म्हणाला, “या साहेब. आज परीक्षा आम्ही घेतो.”

“पाय टेकला तर चालेल का?” साहेबांनी विचारलं.

हशा पिकला, पण तो कोणाच्या बाजूचा ते सांगता आलं नसतं.

शर्यत सुरू झाली. नऊ गाड्या सुटल्या. साहेबांनी डावी-उजवीकडे बघितलं, आणि चाळीसच्या वेगाने निघाले. लाल दिव्याला थांबले. आणि पुढे गेलेल्या नऊपैकी चार जण करकचून ब्रेक मारून वळले, परत आले, आणि थांबलेल्या साहेबांना चेन, काठी आणि लाथ या क्रमाने मारून गेले.

खेळघर दणाणलं. घरी असं कधी झालं नव्हतं, चौदा शर्यतींत एकदाही कोणी मागे वळलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पानं उलटली. दुसरा दिवस, सकाळी दहा, पातळी: नवशिका. त्यांनी मान वर करून पडद्याचा कोपरा पाहिला. तिथे लहान अक्षरांत लिहिलं होतं: कसाई. खेळघरात दुसरी पातळी कोणी वापरतच नसे. आणि सोमवारच्या लेखात पातळीचा उल्लेखच नव्हता. पहिल्यांदा खेळणारा नवशिक्या पातळीवर खेळतो, हे बाईंना इतकं उघड वाटलं होतं की ते लिहायचं त्यांच्या मनातच आलं नाही. कुकर झाकण लावून वापरला, असं कोण लिहितं?

संपादकांनीही वहीत डोकावून पाहिलं होतं. ते बाईंच्या कानाशी लागले. हे झकास झालं, म्हणाले, यांनी मुद्दाम अवघड पातळी लावली, फसवणूक आहे, मी आत्ताच थांबवतो, सोमवारी पहिल्या पानावर घेऊ.

खरं तर वाट मोकळी होती. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं.

तिकडे साहेब पडत होते. पडत होते, उठत होते, गाडी सरळ करत होते, मागे वळून बघत होते आणि परत रस्त्याला लागत होते. लोक आधी प्रत्येक पडण्याला टाळ्या वाजवत होते, मग मोठ्याने मोजायला लागले. अकरा. बारा. पंधराव्यानंतर मोजणाऱ्यांचाच घसा बसला. पुढच्या चौकात साहेब वळायला लागले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका दाढीवाल्या माणसाने नकळत आपला हात वळायच्या बाजूला बाहेर काढला, आणि शेजाऱ्याने बघितल्यावर त्या हाताने डोकं खाजवलं. एकोणीस वेळा पडून, तेवीस मिनिटांनी, साहेब सीमारेषेपाशी दहावे आले.

चेनदादाने खेळणं त्यांच्या हातातून घेतलं. “साहेब, एक विचारू? तो शेवटचा तुमच्या अगदी बगलेत होता. एक लाथ मारली असती तर नववे आला असता. का नाही मारली?”

“मागून ट्रक येत होता,” साहेब म्हणाले. “तो पडला असता तर चाकाखाली गेला असता.”

संपादक घसा खाकरून पुढे झाले आणि पातळीबद्दल बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईच बोलल्या. आवाज बारीक होता, पण कॉन्व्हेंटात शिकलेल्या बायकांचा बारीक आवाजही शेवटच्या बाकापर्यंत जातो.

“चूक माझी आहे. आम्ही नवशिक्या पातळीवर खेळलो आणि मी ते लिहिलं नाही. दादांनी काही फसवलेलं नाही. सोमवारी तसं छापून येईल.”

परतताना गाडीत संपादक एवढंच म्हणाले की छापून येईल, पण ते शेवटचंच असेल. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान हलवली. साहेबांनी पुढे वाकून चालकाला सांगितलं की आत्ताचं वळण त्याने हात न दाखवता घेतलं.

सोमवारी चौकट आली. सव्वीस वर्षांतली पहिली. बाईंनी ती सदराला लागते तेवढीच मेहनत घेऊन लिहिली होती:

‘चूकदुरुस्ती. गेल्या आठवड्यात या जागी असं छापलं होतं की वाहतुकीचे नियम पाळणारा माणूस हा खेळ सहज जिंकतो. हे फक्त नवशिक्या पातळीवर खरं आहे. कसाई पातळीवर नियम पाळणारा माणूस एकोणीस वेळा पडतो आणि दहावा येतो. शर्यतीत एकूण दहाच जण असतात. पातळी न लिहिणं ही लेखिकेची चूक होती, घरच्या माणसाची नव्हे. त्याने कसाई पातळीवरही सिग्नल तोडला नाही.’

त्या दिवशी बाईंनी टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. वह्या दोन पिशव्यांत भरल्या. एक पिशवी जड झाली म्हणून त्यातल्या चार वह्या दुसरीत टाकल्या, मग ती जड झाली. या उद्योगात दुपार गेली.

मंगळवारी शिपायाने पत्रांची टोपली आणून ठेवली. बुधवारी दोन टोपल्या. बाईंनी पहिलं पत्र उघडलं ते शिव्यांच्या तयारीनेच. पण लिहिणारा म्हणत होता की आपण अठरा वर्षं खेळ खेळतो आहोत आणि समीक्षकांना शिव्या घालतो आहोत, त्यांतल्या एकानेही कधी ‘चूक माझी’ असं लिहिलेलं पाहिलं नाही. तेव्हा बाईंनी आता कसाई पातळीवर सात दिवस खेळून परत लिहावं, आपण वाट बघू. पुढचं पत्र थोड्याफार फरकाने तेच. चेनदादाने तर खेळघरातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन पाठवल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं की माझ्या खेळघरातले कानाला लावायचे हेडफोन दुपारपर्यंत कान तापवतात, तेही बाईंनी बघून सांगावं, कंपनीवाल्यांवर आमचा विश्वास नाही.

तीनशे चाळीस पत्रं झाली तेव्हा संपादक बाईंच्या टेबलापाशी आले. भरलेल्या पिशव्या बघून ते दचकले, आणि हे काय चाललंय असं त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं की बाईंना क्षणभर वाटलं, शब्दकोडं आपल्याच स्वप्नात आलं असावं.

“आवरत होते,” बाई म्हणाल्या.

“आवरा, आवरा. पण सोमवारचा मजकूर वेळेवर द्या.”

बाईंनी त्यांना त्यांच्या पन्नास पत्रांच्या शब्दाची आठवण करून दिली. आणि हेही सांगितलं की तो तोंडी होता, तेव्हा आता पाच वर्षांचं कागदावर द्या. संपादक हसले. बाई हसल्या नाहीत. कागद संध्याकाळी आला.

खेळाचा दुसरा आठवडा, या वेळी कसाई पातळीवर, सुरू झाला तेव्हा दिवाणखान्यात सकाळी दहाला शेजारीण, तिची जाऊ आणि खुर्चीच्या पाठीला टेकलेला चेनदादा असे तिघे आधीच हजर होते. साहेब चार दिवस पडत राहिले. पाचव्या दिवशी, त्या दिवसातल्या तेविसाव्या पडण्यानंतर ते उठले, आणि लाल दिव्याला उभे असताना दिव्याला न थांबता मागून येणाऱ्याने चेन उचलली तेव्हा त्यांचा अंगठा हलला. पडद्यावरचा माणूस गाडीसकट दुकानाच्या फळीत घुसला.

साहेब स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. बाईंची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, पण चालत नव्हती. एकतीस वर्षांचं नाव होतं, आणि ते सोमवारी शहरभर वाचलं जाणार होतं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “हे लिहू का?”

“लिही,” साहेब म्हणाले. “वेळही लिही. आणि त्याने सिग्नल तोडला होता, ते आधी लिही.”